पाच वाजताचा रॉब रॉय

६ सप्टेंबर, दुपारी अडीच

ताई,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये अडीच फूट जागा आहे. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं मावली तेवढी घातली असं समज.

आई गेली तेव्हा तू लिहिलं होतंस, 'आई गेली. येण्याची गरज नाही.' दोन वाक्यं, दोन पूर्णविराम, एक काना इकडचा तिकडे नाही. मुद्रितशोधनात तीस वर्षं काढलेल्या बाईनं असंच लिहावं. मी आलो नाही. आज्ञाधारकपणा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून घडला, आणि नेमका तिथे घडला. असो.

आज लिहितोय ते कामासाठी. पण कामाशी पोचायला मला आडवाट लागते, हे तुला ठाऊक आहे.

मी हॉटेल सोडलं. तुझा भाऊ सात वर्षं संस्कृत शिकला आणि एकोणीस वर्षं जमिनीखालच्या बारमध्ये उभा राहिला, हे तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. वाईट बातमीला पत्ता लागत नाही. मी शिकवलेल्या शेवटच्या वर्गात तीन विद्यार्थी होते आणि त्यातले दोन पंख्यासाठी येत. बारमध्ये निदान लोक जागे असत. न पिणारा बारवाला म्हणजे पोहता न येणारा नावाडी, असं तिथले सहकारी म्हणत. मला शास्त्री म्हणत. मी सगळं नाकानं करायचो. जिभेला कधी लावलं नाही. का, ते तुला सांगायला नको.

आमच्याकडे एक निवृत्त न्यायमूर्ती येत. अकरा वर्षं, रोज पाच वाजता, डावीकडून तिसरी खुर्ची, आणि एकच पेय: रॉब रॉय. दोन भाग स्कॉच, एक भाग गोड व्हर्मूथ, म्हणजे जडीबुटी मुरवलेली लाल वाइन, आणि कडू अर्काचे दोन थेंब. बर्फात ढवळायचं, हलवायचं नाही. मी ढवळताना मनात एक अनुष्टुभ म्हणतो. बत्तीस अक्षरं, बत्तीस फेरे. आमच्या गुरुजींना हे कळलं असतं तर त्यांनी छंदशास्त्र शिकवणं सोडून दिलं असतं. मग गाळून थंड पेल्यात ओतायचं आणि तळाशी एक चेरी.

हा रॉब रॉय कुठल्याशा थंड डोंगराळ मुलुखातला गुरं पळवणारा गडी. सरकारनं फरारी ठरवला, लोकांनी वीर ठरवला. पकडला की निसटायचा म्हणे. न्यायमूर्ती पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "शास्त्री, आयुष्यभर असल्यांना आत टाकलं. आता रोज संध्याकाळी एकालाच टाकतो."

आठ महिन्यांपूर्वी ते घरात पडले. डोक्यात रक्ताची गुठळी झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि यकृतही कुरकुरतंय. डॉक्टरांनी सांगितलं, दारूचा थेंबही नको. न्यायमूर्तींनी सांगितलं, पाच वाजता पेला नसेल तर गोळीही नको. मग त्यांची मुलगी हॉटेलात आली आणि खुर्ची सोडून बाकी सगळं घरी घेऊन गेली. त्या बाकीत मी. राहणं, खाणं, सगळं इथेच. घर चौथ्या मजल्यावर आहे, मोठं आहे आणि फार सुरक्षित आहे.

आता काम. मी त्यांना गेले आठ महिने रॉब रॉय देतो, त्यात रॉबही नाही आणि रॉयही नाही. भाजलेल्या जवाचं पाणी, धुरकट वासाचा चहा, जाळलेली साखर, जळजळीसाठी आल्याचा रस. व्हर्मूथच्या जागी कडू सालींबरोबर आटवलेला द्राक्षाचा रस. हे सगळं स्कॉचच्याच बाटलीत भरून फडताळात ठेवलंय, लेबल बाहेरच्या बाजूला. मुलीनंच सांगितलं तसं करायला. तिची अट एकच: "बाबांना कळता कामा नये. कळलं आणि घरात तमाशा झाला, किंवा खरी दारू पोटात गेली, तर माझ्याच्यानं होणार नाही. मी त्यांना संस्थेत ठेवीन. खोली सांगून ठेवलीय." मी ती संस्था बघून आलो होतो. तिथे पाच वाजता सूप देतात आणि सहाला दिवे.

वासात मी कमी पडत नाही. चवीचं मला कळत नाही. म्हणून विचारतोय, आणि हे विचारायला तोंड नाही म्हणून हातानं लिहितोय: आई अण्णांच्या बाटलीत काय घालायची?

गाळणी तू धरायचीस. मला आठवतंय.

तुझा,
पोपट


२४ सप्टेंबर, दुपारी तीन

ताई,

पत्र परत आलं. आधी वाटलं, न उघडताच पाठवलंस. उघडून बघतो तर पेन्सिलीनं अकरा दुरुस्त्या! 'कुरकुरतंय'खाली नागमोडी रेघ, एका स्वल्पविरामाला फाशी, परिच्छेद तोडण्याच्या दोन खुणा. उत्तर एका अक्षराचं नाही. तीन दिवस ते पत्र मी खिशात घालून हिंडलो. हिंडलो म्हणजे, स्वयंपाकघर ते पुढची खोली.

तेव्हा आता ते सांगतो. 'फार सुरक्षित' असं लिहिलं होतं तिथे तू समासात काही केलं नव्हतंस, पण पेन्सिल तिथे थबकल्याचा एक ठिपका होता. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. न्यायमूर्ती एकदा चपला घालून निघून गेले होते, रस्त्यात सापडले, म्हणून. आकडे मुलीला ठाऊक आणि दिवसाच्या नर्सबाईंना ठाऊक. मला सांगितलेले नाहीत, कारण मुलीच्या मते मी मऊ आहे. म्हाताऱ्यानं दोनदा विनवलं तर दार उघडून देईन. बाई माणसं ओळखते. खिडक्या चार बोटं उघडतात. महिन्यातून दोन रविवार मला बाहेर सोडतात, तेव्हा मी समोरच्या बाकावर बसून याच खिडक्यांकडे बघतो. दुसरं काय बघावं ते सुचत नाही. ही पत्रं नर्सबाईंच्या पर्समधून बाहेर पडतात. माझ्यापेक्षा तीच जास्त फिरलेली.

न्यायमूर्तींनी या व्यवस्थेला नाव दिलंय. "शास्त्री, ही सक्तमजुरी नव्हे. साधी कैद. तुम्हाला मात्र सक्तमजुरी, बर्फ फोडायची."

"शिक्षा किती वर्षांची, साहेब?"

"माझी तुम्ही माझ्याकडे बघून ओळखा. तुमची माझ्यावर अवलंबून."

असं बोलतात आणि माझ्या हातून पेला घेतात. पहिला घोट घेताना डोळे मिटतात. "वा," म्हणतात. आठ महिन्यांत दोनशे चाळीस वेळा 'वा'. असत्य सांगणाऱ्याला नरक कुठे मिळतो याची वर्णनं मी पाठ केली होती. त्यात दाद मिळेल असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

तू म्हणशील, पोपटाला आता कळलं. हो. जी गोष्ट आपण तेहेतीस वर्षं बोललो नाही ती आता लिहून काढतो. तू हवं तर शुद्धलेखन तपास.

मी चौदा वर्षांचा होतो. पाठशाळेत पहिला आलो होतो आणि सत्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. काका आले होते. जेवायला बसलो होतो. अण्णा त्या दिवसांत वेळेवर घरी येत, कामाला नियमित जात, त्यांनी मोडकी शिडी दुरुस्त केली होती, तुझ्या खोलीला कडी बसवली होती. दोन महिने तसं चाललं होतं. रोज जेवणाआधी एक पेला, फक्त एक. आई ओतत असे. ती ओतायला लागली की अण्णा पाठ फिरवून रेडिओशी खुडबुड करत बसत, म्हणून तर तिचं साधत असे. मी मागच्या पडवीतून सगळं बघितलं होतं: कडक चहा, गाळणी, तू, बाटली.

काका अण्णांना म्हणाले, "अरे, एकट्यानंच घेतोस? मलाही ओत."

आणि मी म्हणालो, "काका, त्यात चहा आहे."

मी म्हणालो. कर्मणी प्रयोगाची सोय असूनही इथे ती वापरत नाही. 'माझ्याकडून सांगितलं गेलं' असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

काका हसले. इतके हसले की ठसका लागला. "बायको चहा पाजते आणि हा मिटक्या मारतो!" असं दोनदा म्हणाले. अण्णांनी पेला ठेवला. शांतपणे ठेवला. मग ताट उलटलं. पुढचं तुला माहीत आहे. तू मध्ये पडली होतीस, तुझ्या कोपराला खूण आहे. त्यानंतर अण्णा घरात कधी प्यायले नाहीत, बाहेरच प्यायले, आणि तिसऱ्या महिन्यात तू आणि आई निघून गेलात. मी अण्णांजवळ राहिलो. मला वाटलं, फसवल्या गेलेल्या माणसाची बाजू घ्यावी. अण्णांना तर काहीच ठाऊक नव्हतं. ते चार वर्षांत गेले.

तू निघताना म्हणालीस, "तुला गप्प बसता आलं असतं." मी तुला सत्यावर तीन वाक्यं ऐकवली. ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती.

आता मला ती कृती हवी आहे, ताई. मी आईच्या जागी उभा आहे आणि मला तिचं काम येत नाही.

पोपट


११ ऑक्टोबर, दुपारी दोन

ताई,

दुसरंही परत आलं. या खेपेला एकही दुरुस्ती नाही. 'अण्णांना तर काहीच ठाऊक नव्हतं' या वाक्याखाली रेघ आणि समासात एक प्रश्नचिन्ह.

एवढंच. मी ते उजेडाला धरून बघितलं, उलटं करून बघितलं. तुमच्या धंद्यात अशा खुणेचा अर्थ 'मूळ प्रत तपासून पाहा' असा असतो, एवढं मला माहीत आहे. मूळ प्रत कुठून आणू? अण्णा नाहीत, आई नाही, काका मागच्या थंडीत गेले. एक तू आहेस, आणि तू पेन्सिलीनं बोलतेस.

ते असू दे. इथे आभाळ कोसळायची तारीख ठरली आहे. येत्या गुरुवारी, सतराला, वकील येणार. न्यायमूर्तींचे जुने स्नेही. चाळीस वर्षं कोर्टात एकमेकांवर ओरडले आणि संध्याकाळी एका टेबलावर बसले. न्यायमूर्तींनी मला बोलावून घेतलं.

"शास्त्री, गुरुवारी दोन."

"दोन काय, साहेब?"

"दोन दरोडेखोर. वकील स्वतःची बाटली घेऊन येतोय. म्हणतो, तुझ्या घरचा माल जुना झाला असेल." आणि हसले.

मी मुलीला गाठलं. ती फाइल काखेत धरून निघायच्या घाईत होती. वाईट बाई नाही गं. रोज ऑफिसातून तीनदा फोन करते, वडिलांची नखं स्वतः कापते आणि पायऱ्यांवर बसून रडते हेही मी एकदा बघितलंय. म्हणाली, "येऊ नका असं वकीलकाकांना सांगता येत नाही, बाबांना संशय येईल. तुम्ही आत जाऊन करा काय करायचं ते. पाहुण्यांना खरा, बाबांना आपला. तुम्हाला जमतं."

"आणि नाही जमलं तर?"

"शास्त्रीजी, मला दुसरा पर्याय नाही. शुक्रवारी मी संस्थेला कळवणार आहे, ठेवा किंवा सोडा." आणि दाराचे आकडे दाबताना माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, रोजच्यासारखी.

तेव्हा असं आहे. खरा पेला चुकून त्यांच्या हातात गेला तर एक घोटही डोक्यात रक्तस्राव करू शकेल असं डॉक्टर म्हणतात. खोटा पेला वकिलांच्या हातात गेला तर ते पहिल्या घोटाला ओरडतील, तो त्यांचा धंदाच आहे. आणि सगळं बरोबर झालं, तर मी पुढची दोनशे चाळीस संध्याकाळं त्या 'वा'समोर उभा राहणार.

चौथी वाट मला दिसते आणि तीच मला भिववते. मी आधीच जाऊन न्यायमूर्तींना सगळं खरं सांगून टाकावं. परवा गेलोही होतो. ते शब्दकोडं सोडवत होते. "साहेब," म्हटलं. "हं?" म्हणाले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, कर्ता कर्म क्रियापद सगळं जागच्या जागी. त्यांच्या पायात मुलीनं घातलेले लोकरी मोजे होते, एक उलटा. मी म्हणालो, "मोजा उलटा आहे." आणि परत आलो.

पोपट


१८ ऑक्टोबर, सकाळी अकरा

ताई,

काल झालं. क्रमानं सांगतो, नाहीतर हात थांबणार नाही.

वकील पावणेपाचला आले. हे एवढं पोट, हातात काठी आणि काखेत बाटली, तान्ह्या मुलासारखी. "कुठंय तो आरोपी?" असं दारातूनच ओरडले. न्यायमूर्तींनी कोट घातला होता. घरात, कोट. मुलगी अर्धा दिवस रजा काढून आली होती.

मी कोठीघरात गेलो. त्याला खिडकी नाही; बर्फाचं यंत्र, फळी आणि मी. दोन भांडी घेतली. डावीकडे वकिलांची बाटली, उजवीकडे आमची. खऱ्यासाठी एक अनुष्टुभ, खोट्यासाठी एक अनुष्टुभ. दोन्ही पेले ट्रेमध्ये ठेवले. रंग तोच, चेरी तीच, काचेवर धुकं तेच. फक्त मला ठाऊक: डावा खरा, उजवा खोटा. वकील डाव्या खुर्चीवर बसले होते.

दारात मुलगी उभी. मला ट्रे घेऊन तिथेच उभा बघून म्हणाली, "पाहुणे वाट बघताहेत. द्या इकडे, मी देते." "डावा पाहुण्यांचा," मी म्हणालो, आणि तिनं ट्रे घेतला. घेतला तो तिकडच्या बाजूनं, ताई. तोंड तिचं खोलीकडे झालं आणि ट्रे फिरला. डावा उजवा झाला. मी 'अहो' म्हणेपर्यंत ती खोलीच्या मध्यावर होती, आणि तिनं स्वतःच्या हातानं खरा पेला वडिलांच्या हातात दिला.

चौदा वर्षांचा होतो तेव्हा जसं झालं होतं अगदी तसंच झालं. तशीच खोली, बसलेली माणसं, पाहुणा, पेला, आणि सत्य एकट्या माझ्याजवळ. तेव्हा बोलायला नको होतं आणि बोललो. आता बोललो नाही तर माणूस मरेल आणि बोललो तर संस्था. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे लक्षात ठेव.

न्यायमूर्तींनी पेला नाकाशी नेला. नेहमी ते सरळ घोट घेतात. काल थांबले. डोळे मिटले. नऊ महिन्यांनी खरी व्हिस्की त्यांच्या नाकाखाली होती, ओठांपासून दोन बोटांवर. वकील म्हणाले, "अरे, समाधी लागली का? चिअर्स कर!" न्यायमूर्तींनी एक लांब श्वास आत घेतला. तो सोडायला त्यांना फार वेळ लागला.

मग मुलीला म्हणाले, "बाळ, पाहुण्याला आधी देतात. आणि याला कायम माझ्याहून भरलेला पेला लागतो, नाहीतर अपील करतो. हा घे, वकील. तुझा मला दे."

आणि बदलले. माझ्या डोळ्यांदेखत, दोन म्हाताऱ्या हातांनी, टेबलावरून. वकील कुरकुरले, "दोन्ही सारखेच भरलेत की रे," पण घेतला. मुलगी हसली. तिला बिचारीला वाटलं, वडील खुशीत आहेत.

न्यायमूर्तींनी माझ्या खोट्या पेल्यातला घोट घेतला. "वा," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडं टाकून दारात उभा होतो.

"शास्त्री, काही सांगायचंय?"

मुलगी बघत होती. वकील बघत होते.

"नाही, साहेब."

"बरं झालं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, हे मी साक्षीदारांना चाळीस वर्षं सांगत आलो. एकानंही ऐकलं नाही. तुम्ही पहिले."

मुलगी वकिलांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली तेवढ्या पाच मिनिटांत मी त्यांच्या खुर्चीशी गेलो. "कधीपासून?" एवढंच विचारता आलं.

"पहिल्या दिवसापासून. वास उत्तम जमवलाय हो तुम्ही. पण आलं! आलं जिभेवर भांडतं. व्हिस्की जिभेला काही बोलत नाही, खाली छातीत जाऊन बसते आणि मग ऊब सोडते. ज्यानं कधी घेतली नाही त्यालाच असं आलं सुचेल."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? मुलीला बोललो असतो तर तिला रागवावं लागलं असतं, मला रागवावं लागलं असतं, आणि तुम्हाला जावं लागलं असतं. कळलंय असं एकदा तोंडातून गेलं की माणसाला त्याप्रमाणे वागावं लागतं, शास्त्री. न्यायालयात तसंच असतं. नोंद झाली की संपलं." चेरीचा देठ बशीच्या काठावर ठेवत म्हणाले, "मला दारू कुठे हवी होती? मला पाच वाजायला हवे होते."

ताई, मूळ प्रत सापडली.

अण्णा पाठ फिरवून बसत. रेडिओशी खुडबुड करत. मी तुला मागे एका पत्रात लिहिलं की म्हणून आईचं साधत असे. किती मूर्ख वाक्य आहे ते! त्या रेडिओत काही बिघडलेलंच नव्हतं. दोन महिने रोज, बरोब्बर आई ओतत असताना. तीस वर्षं पिणाऱ्या माणसाला चहा कळला नसेल? पहिल्याच घोटाला कळला. आणि त्यानं शिडी दुरुस्त केली, तुझ्या दाराला कडी बसवली. 'मी सोडतोय' असं सांगायचं त्यांना जमलं नसतं. कुणालाच जमलं नसतं त्या घरात. म्हणून ते पाठ फिरवत होते. तेवढंच त्यांना येत होतं, आणि ते चालत होतं. मग मी भर पाहुण्यात नोंद केली.

अण्णांना सगळं ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. तुलाही ठाऊक होतं. घरात फक्त एकाला ठाऊक नव्हतं, आणि बक्षीस त्यालाच मिळालं होतं.

तू तेव्हाच का सांगितलं नाहीस असं विचारणार होतो. विचारत नाही. सांगितलंस की, निघताना, पाच शब्दांत. मीच तुला तीन वाक्यं ऐकवली.

मी क्षमा मागत नाही. तो शब्द तू खोडशील, आणि बरोबर खोडशील.

आज शुक्रवार. मुलीनं सकाळी माझ्यासमोरच संस्थेला फोन केला. खोली सोडली. मग माझ्याकडे पाठ करून आकडे दाबले आणि कामाला गेली. कुलूप वाजलं.

पोपट


९ नोव्हेंबर, सायंकाळी सहा

ताई,

पत्र परत आलं. एकही दुरुस्ती नाही. मी पुन्हा वाचलं तर मलाच चार चुका दिसल्या, त्यातली एक चौथीतल्या मुलाला लाज आणेल अशी. तुझ्या नजरेतून त्या सुटल्या असं सांगून मला फसवू नकोस. तू पाठ फिरवलीस.

आणि खाली, पेन्सिलीनं, तुझं ते छापील अक्षर: 'आले नव्हे. दोन लवंगा, चहाबरोबर उकळून. आईने आधी स्वतः एक घोट घेऊन पाहिला होता.'

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आईनं! जिला त्या वासानं ओकारी यायची, जी बाटली उचलताना पदर नाकाला लावायची. तिनं अण्णा नसताना पेल्यात थोडी ओतून घेतली असेल, उभ्यानंच. काय करून बसले म्हणून तोंड वाकडं केलं असेल. आणि मग डब्यांतून लवंग शोधून काढली असेल, कारण तिला कळलं की ही जिभेवर नाही, छातीत आहे. मी एकोणीस वर्षं बारमागे उभा राहून जे शिकलो नाही ते तिनं एका घोटात शिकून घेतलं. माझा सोवळेपणा हा किती आळशी गुण होता!

वकिलांची बाटली कोठीघरात जवाच्या डब्यामागे होती. दुपारी न्यायमूर्ती झोपले असताना मी एक घोट घेतला. सत्तेचाळिसाव्या वर्षी. पोपटाचं ठसक्यानं काय झालं ते तुला आवडलं असतं. मग खरंच ती खाली गेली, बसली, आणि ऊब आली. अण्णांना दर संध्याकाळी हे भेटायचं आणि त्यांनी ते चहासाठी सोडलं होतं. उरलेली बाटली मी मोरीत ओतली.

मग लवंगा उकळल्या. पाच वाजता पेला दिला.

न्यायमूर्तींनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा उशिरा उघडले. 'वा' म्हणाले नाहीत.

"आज वेगळा आहे."

"हो, साहेब."

"हा तुमचा नाही."

"नाही. आईचा."

त्यांनी पेल्यातलं संपवलं, चेरीचा देठ बशीवर ठेवला. बाहेरून लिफ्टचा आवाज आला, मुलगी येत असावी; मग तो वरच्या मजल्यावर निघून गेला. खिडकी चार बोटं उघडी होती. समोरचा तो माझा बाक दिसत होता, रिकामा. म्हटलं, पुढच्या रविवारी त्यावर बसून या खिडक्यांकडे बघायच्याऐवजी स्टेशनावर जावं आणि तुझ्या गावाची गाडी किती वाजता सुटते ते नुसतं बघून यावं. नुसतं बघून. तू बोलावलेलं नाहीस, हे माझ्या लक्षात आहे.

"शास्त्री," न्यायमूर्ती म्हणाले, "अजून एक."

अकरा वर्षांत त्यांनी दुसरा कधी मागितला नव्हता. मी फडताळातली बाटली खाली घेतली, लेबल बाहेरच्या बाजूला. माझं झाकण उघडणं त्यांनी ऐकलं. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकून, कण्हत, थोडीथोडी करत त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीच्या त्या चार बोटांतून बाहेर बघत बसले.

मी बत्तीस फेरे पुरे केले आणि ओतलं. तोवर त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

पोपट